रोगाचें नांव घेणारा डॉक्टर

घरांत मेलेला उंदीर सांपडला कीं वडील माणसें मुलांबाळांसह रानांत झोपडी बांधून राहत, ही हकीकत आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. परंतु ही मरी प्लेगचीच होय, हें मुंबईंत प्रथम कोणीं ओळखलें, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

त्या डॉक्टरांचें नांव आकासियो गॅब्रियल व्हिएगस. जन्म १८५६ चा, गोव्यांतील हडफडें गांवचा. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८८० सालीं पदवी घेऊन ते पुढें मांडवींत रोगी पाहूं लागले. मांडवी म्हणजे गोदीलगतची, धान्याच्या वखारींनीं गजबजलेली दाट वस्ती. उंदरांस याहून सोईचें माहेर कोठलें?

१८९६ च्या सप्टेंबरांत तेथील रोग्यांस कडक ताप भरे, जांघेंत किंवा काखेंत गांठ उठे, आणि थोड्याच दिवसांत माणूस दगावे. गांठ इतरांसहि दिसत होती. तिला नुसता ‘गांठीचा ताप’ म्हणणें सोईचें होतें. कारण प्लेग हा शब्द एकदां बाहेर पडला कीं मुंबईच्या जहाजांस परदेशचीं बंदरें बंद होणार, व्यापार बसणार, पेठा ओस पडणार. तरीहि २३ सप्टेंबर रोजीं डॉ. व्हिएगस यांनीं म्युनिसिपालिटीच्या स्टँडिंग कमिटीपुढें तो शब्द उच्चारला. तज्ज्ञांच्या चार स्वतंत्र मंडळांकडून खात्री करून घेण्यांत आली. निदान खरें ठरलें. भीतीहि खरी ठरली. त्या हिंवाळ्यांत लाखों लोक शहर सोडून गेले, आणि १८९७ सालीं व्हेनिस येथें राष्ट्रांची परिषद भरली ती मुंबईच्याच धास्तीनें.

हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतच लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें डॉ. व्हिएगस यांनीं सुमारें १८,००० लोकांस आपल्या हातानें लस टोचली, असें सांगतात. गलिच्छ वस्त्या साफ करा, उंदीर मारा, असा धोशाहि त्यांनीं लावला होता. रोग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, हें सिमों या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस १८९८ सालीं दाखविलें. व्हिएगस यांचा रोख बरोबर होता.

पुण्यास १८९७ सालीं गोरे सोजीर तपासणीसाठीं घराघरांत शिरले, देवघरेंहि सुटलीं नाहींत. त्यांतून काय उद्भवलें तें सर्वश्रुतच आहे. आम्हांस वाटतें, सुईपुढें दंड उघडा करावयाचा तो रोग्याच्या उशाशीं येणाऱ्या ओळखीच्या डॉक्टरापुढें. बंदूकवाल्यापुढें कोण करणार?

१९०६ सालीं ते मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, आणि १९३३ सालीं वारले. धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर, त्यांचा पुतळा आहे. मुंबईस मुलांना घेऊन जाल तेव्हां तो अवश्य दाखवा.