१५ व्होल्ट, पण कशाच्या तुलनेत?

उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ अशी बातमी आली की आम्हा माढ्याच्या लोकांना नवल वाटत नाही. बाहेरच्या मित्रांना वाटतं, धरणात उणे पाणी कसं असेल? पण उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीहून जास्त आहे आणि टक्केवारीतला शून्य त्याच्या वर धरलेला आहे. उपयुक्त साठा संपला की आकडा शून्य, त्याखाली मायनस. आकडा किती, हे शून्य कुठे धरला यावर ठरतं.

सर्किट सिम्युलेशनमध्ये नेमका इथेच घोळ होतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझे चार दिवस यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

आमच्याकडे शेतात आता सौर पंप दिसतात. पॅनेलचा डीसी घेऊन मोटरला एसी देणारा त्यातला कंट्रोलर म्हणजे इन्व्हर्टर. त्यात प्रत्येक फेजला दोन स्विच, एक वरचा आणि एक खालचा. मी एकाच फेजचं मॉडेल करत होतो. बस ३०० व्होल्ट, दोन्ही स्विच एन-चॅनल मॉसफेट. खालच्याचा सोर्स ग्राउंडलाच असतो, त्यामुळे गेट आणि ग्राउंडमध्ये १५ व्होल्टचा पल्स दिला की काम झालं. वरच्यालाही तसाच दिला. आउटपुट ३०० यायला हवं होतं. आलं जेमतेम ११!

कारण बघा. मॉसफेटला तुमचं ग्राउंड माहीतच नसतं. त्याला कळतो फक्त गेट आणि सोर्समधला फरक. वरचा मॉसफेट चालू व्हायला लागला की त्याचा सोर्स, म्हणजेच आउटपुट, वर चढतो. तो ११ ला पोहोचला की फरक उरतो ४ व्होल्ट, म्हणजे थ्रेशोल्डइतका, आणि गाडी तिथेच अडते. उरलेले २८९ व्होल्ट मॉसफेटच्याच डोक्यावर. सिम्युलेशनमधला मॉसफेट जळत नाही म्हणून बरं. लोड लावलेला खरा असता तर गेलाच असता.

उपाय साधा आहे. पल्स सोर्सचं खालचं टोक ग्राउंडवरून काढून मॉसफेटच्या सोर्सला जोडा. आता गेटचा आलेख ३१५ व्होल्ट दाखवेल. घाबरू नका, तो ग्राउंडपासून मोजलेला आहे. गेट वजा सोर्स असा आलेख काढा, १५ दिसतील.

खरी डोकेदुखी पुढे होती. कंट्रोलची बाजू आणि पॉवरची बाजू ट्रान्सफॉर्मरने वेगळी केली आणि ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ असा निरोप आला. मी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम वापरतो. ते मोफत आहे, आत एनजीस्पाइस आहे. कुठलंही स्पाइस प्रत्येक नोडवर किरचॉफचा करंटचा नियम लिहितं आणि शून्य क्रमांकाच्या नोडचं व्होल्टेज शून्य धरतं. एखादा भाग त्या नोडला डीसी मार्गाने कुठेच जोडलेला नसेल, तर त्याच्या सगळ्या व्होल्टेजमध्ये १० मिळवा किंवा १०,००० मिळवा, समीकरणं तशीच सुटतात. उत्तरं अनंत, मग सिम्युलेटर कुठलं देणार? कपॅसिटरने जोडलं असेल तरी डीसीसाठी तो मार्ग बंदच असतो.

म्हणून पॉवर बाजूच्या ऋण टोकापासून नोड शून्यपर्यंत १० मेगाओहमचा रेझिस्टर टाकायचा. मी आकड्यापुढे ‘एम’ लिहिलं. स्पाइसमध्ये ‘एम’ म्हणजे मिली, कॅपिटल असो वा स्मॉल. मेगासाठी ‘मेग’ लिहावं लागतं. १० मिलीओहम म्हणजे जवळपास तारच की! एरर गेली, आलेख सुंदर आला, आणि जे आयसोलेशन तपासायचं होतं तेच मॉडेलमधून गायब. पुढचे दोन दिवस त्या सुंदर आलेखांत गेले.

तयार ड्रायव्हर मॉडेल घेतलंत तर त्याची नेटलिस्टही उघडून पाहा. आत कुठे थेट ० लिहिलेला असेल तर तो सगळ्या सर्किटचा शून्य असतो, ड्रायव्हरच्या स्वतःच्या खालच्या पिनचा नाही. असं मॉडेल वर तरंगतच नाही.

आणि लॅबमध्ये जाल तेव्हा एक. सिम्युलेटरचा प्रोब कुठेही लावता येतो, पण साध्या ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते. बस मेन्सवरून घेतली असेल आणि ती क्लिप वरच्या सोर्सला लावलीत, तर सरळ शॉर्ट. तिथे डिफरन्शियल प्रोबच मागून घ्या, उशीर झाला तरी चालेल.