ओल भिंतीत, खोकला छातीत

दम्याच्या मुलाला घेऊन आई बाह्यरुग्ण विभागात आली की आम्ही डॉक्टर ठरलेले प्रश्न विचारतो. घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का, चूल पेटते का, मांजर पाळले आहे का. गेली काही वर्षे मी त्यात एका प्रश्नाची भर घातली आहे. मूल झोपते ती खाट कोणत्या भिंतीला लागून आहे आणि त्या भिंतीचा रंग सुटतो का? पिंपरी-चिंचवडमधल्या अर्ध्या-एक गुंठ्यावरच्या घरांतून किंवा चाकण-म्हाळुंगे भागातल्या भाड्याच्या खोल्यांतून आलेली माणसे पुष्कळदा 'हो' म्हणतात. भिंतीला लोणा लागलाय, दर दिवाळीला रंग काढतो, पावसाळ्यात पुन्हा पोपडे धरतात. हे सांगताना आजाराशी त्याचा काही संबंध असेल, असे त्यांच्या मनातही नसते.

संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीतली घरघर, श्वसनमार्गाचा संसर्ग आणि दमा यांचा धोका जास्त असतो, असे त्यांत म्हटले आहे. ओल्या भिंतीवरच्या बुरशीचे बीजकण श्वासातून आत जातात. गादी-उशीतले, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे दमट हवेत फोफावतात. त्यातून कामगारांची खोली असेल तर विचारायलाच नको. रात्रपाळी करून आलेला दिवसा दार-खिडकी लावून झोपतो, कपडे आत दोरीवर वाळतात, स्वयंपाकाची वाफही तिथेच कोंडते. इनहेलरने आराम पडतो खरा, पण मूल रोज त्याच भिंतीशी झोपत असेल तर खोकला वरचेवर उलटतो.

भिंत ओली कशाने झाली, हे ओल कुठे आहे त्यावरून बरेचसे कळते. छताच्या कोपऱ्यात असेल तर गच्ची गळते आहे. मोरीच्या मागे एकच डाग असेल तर नळ तपासावा. पण जमिनीपासून कमरेपर्यंत सलग पट्टा असेल तर पाणी पायातून चढते आहे. दिव्याची वात तेल ओढते तशी वीट जमिनीतले पाणी वर ओढते. वाटेत पाणी उडून जाते आणि क्षार भिंतीवर पांढरे होऊन उरतात. तोच लोणा. पाणी चढू नये म्हणून जोत्याच्या पातळीवर एक जलरोधक थर देतात, गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. जुन्या घरांत तो नसतो आणि असला तरी आपणच त्याला निकामी करतो. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो, अंगणात फरशी, फरशीवर पुन्हा काँक्रीट. तीन पायऱ्या चढून जायचे घर एका पायरीवर येते, मग उंबराच रस्त्याला टेकतो. बाहेरची जमीन त्या थराच्या वर गेली की पाण्याला भिंतीत शिरायला मोकळी वाट मिळते.

आपल्याकडची जमीनही याला हातभार लावते. वर काळी माती किंवा मुरूम, खाली काळा पाषाण. मुरलेले पाणी पाषाणावर अडते आणि आडवे पसरत पायाशी येते. काळी माती भिजली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरची भिंतही तडकते. बर्फाळ देशांत जमिनीतले पाणी गोठून घराचा पाया उचलते. म्हणून तिथे पायाभोवती खडी आणि छिद्रांचे पाइप घालून पाणी आधीच दूर नेतात. आपण मात्र आतून जलरोधक रंग देतो नाहीतर कमरेपर्यंत टाइल्स लावतो. त्याने पाणी थांबत नाही, टाइल्सच्या वरून डोके काढते.

माझ्या मते पैसे आधी बाहेर खर्च करावेत. जमिनीचा उतार भिंतीपासून दूर हवा. गच्चीचा पाइप पायाशी सुटत असेल तर तो गटारापर्यंत न्यावा. भिंतीला खेटून ठेवलेला धुण्याचा दगड, रोज पाणी घातल्या जाणाऱ्या कुंड्या, चढलेली माती, सगळे हलवावे. पावसाचे पाणी जिरवायला शोषखड्डा करणे चांगलेच, पण तो भिंतीलगत करू नये.

चर खणायचा असेल तर माहितगार माणसाला विचारूनच. भिंतीला चिकटून पायाच्या तळापेक्षा खोल खणले की खालची माती निसटते आणि भिंत बसते. मजुराच्या जिवाचे तर आपण धरतच नाही. डिसेंबर 2019 मध्ये दापोडीत ड्रेनेजसाठी खोदलेल्या खोल खड्ड्यात एक मजूर अडकला. त्याला काढायला उतरलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांवरही माती कोसळली. तो मजूर आणि एक जवान, दोघेही गेले. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचे डोके बाहेर असले तरी फासळ्या हलत नाहीत, श्वास घेता येत नाही. दीड मीटरहून खोल चराला फळ्या आणि टेकूंचा आधार द्यावा, असे भारतीय मानक सांगते. खणलेली माती काठावर रचू नये. खड्डा उघडा पडून पाणी साचले तर आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, ते वेगळेच.

बाहेरचे पाणी तोडले तरी भिंत सुकायला कित्येक महिने जातात. तोवर खाट भिंतीपासून हातभर दूर ओढावी आणि दुपारी खिडक्या उघडाव्यात. बुरशी कोरडी झाडू नये, तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसावी. हे काम दम्याच्या माणसाने करू नये. इनहेलर मनाने बंद करू नये. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला तर ओलीला दोष देत बसू नये. सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी मोफत होते, ती आधी करून घ्यावी.