सोळा म्हणजे अनंत

संगणकजाळ्यात मार्ग ठरवणाऱ्या स्विचला सगळा नकाशा ठाऊक नसतो. तो शेजाऱ्याच्या शब्दावर चालतो. 1988 साली लेखी मानक मिळालेल्या ‘रिप’ पद्धतीत दर 30 सेकंदांनी प्रत्येक जण आपल्याला ठाऊक असलेली अंतरे शेजाऱ्यांना कळवतो आणि ऐकणारा त्यांत एक मिळवतो. पल्ला 15 टप्प्यांचा; 16 म्हणजे अनंत, वाट बंद.

अनंत इतका लहान का? समजा, ‘ब’ची ‘क’कडे जाणारी तार तुटली. तेवढ्यात ‘अ’ कळवतो, “क माझ्यापासून दोनावर.” ती वाट आपल्यातूनच जाते, हे ‘ब’ला कळत नाही. तो तीन लिहितो, मग ‘अ’ चार, ‘ब’ पाच... अफवेसारखेच हे! सोळाला ते थांबते. ज्याच्याकडून वाट कळली त्यालाच ती परत न सांगणे, हा यावरचा उतारा इंटरफेसवर चालू ठेवतात. तीन स्विचच्या फेऱ्यात मात्र तोही फसू शकतो.

मला जास्त धोक्याची वाटते ती ‘पॅसिव्ह’ आज्ञा. कर्मचाऱ्यांच्या संगणकांकडील इंटरफेसवर ती दिली की स्विच तिकडे बोलत नाही, पण सहसा ऐकत राहतो. तिथून कुणी खोटे अंतर कळवले, तर तेही खरे मानतो. दुसऱ्या आवृत्तीत परवलीच्या शब्दाची सोय आली. साध्या रूपात मात्र तो शब्द तारेवरून उघडाच जातो.