पैठण ते पंढरपूर पायी वारी

पैठण ते पंढरपूर पायी वारी ही संत एकनाथ महाराजांच्या पालखीसोबत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण येथून आषाढी एकादशीसाठी पंढरपूरपर्यंत केली जाणारी पदयात्रा आहे. संत एकनाथ (इ.स. १५३३–१५९९) यांच्या पादुका पालखीत ठेवून हा सोहळा निघतो. आषाढीसाठी पंढरपुरास येणाऱ्या मानाच्या सात पालख्यांमध्ये या पालखीचा समावेश होतो. एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या आवारात असल्याने पैठण व पंढरपूर यांचे नाते एकनाथांच्याही पूर्वीचे मानले जाते.

काही वारकरी हे अंतर प्रस्थानापासून अखेरपर्यंत सलग चालतात, तर काही जण मार्गाचा एखादाच टप्पा चालतात. दोन्ही प्रकारांसाठी तिथी, मुक्काम, पाऊस, प्रकृती आणि परतीचा प्रवास यांचा विचार आधी करावा लागतो.

मार्ग

एकूण अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. पैठण सोडल्यावर गोदावरी ओलांडून वारी दक्षिणेकडे वळते. चनकवाडी, हादगाव, लाडजळगाव, राक्षसभुवन, रायमोह, पाटोदा, दिघोळ, खर्डा, दांडेगाव, अनाळे, परांडा, बिटरगाव, कुर्डू, अरण आणि करकंब ही मार्गावरील प्रमुख गावे होत. हा मार्ग छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि सोलापूर या पाच जिल्ह्यांतून जातो.

भूप्रदेशाच्या दृष्टीने मार्गाचे तीन भाग पडतात. पहिला भाग गोदाकाठच्या काळ्या जमिनीचा व सपाटीचा आहे. दुसरा भाग बालाघाटाच्या डोंगररांगेचा असून गारमाथ्याची चढण ही या वारीची कसोटी समजली जाते. तिसरा भाग परांड्यापासून सीना नदी ओलांडून भीमेच्या खोऱ्यात उतरतो. खर्डा येथे इ.स. १७९५ मध्ये मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली होती, परांड्याला भुईकोट किल्ला आहे आणि अरण हे संत सावता माळी यांचे गाव आहे.

तिथी व कालावधी

पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीस होते आणि आषाढ शुद्ध दशमीपर्यंत ती पंढरपुरास पोहोचते. हा काळ सुमारे अठरा दिवसांचा असतो. त्यानुसार दिवसाला सरासरी चौदा किलोमीटर चाल पडते. मात्र मुक्कामांमधील अंतरे सारखी नसल्यामुळे काही दिवस वीस किलोमीटरांहून अधिक चालण्याची तयारी ठेवावी लागते.

तिथी चांद्रमानाप्रमाणे असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला होती. अधिक मास आल्यास ती पुढे सरकते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे एकादशी २५ जुलैला येते. म्हणून रजेचा अर्ज किंवा परतीचे आरक्षण मागील वर्षाच्या तारखेवरून न करता त्या वर्षाच्या पंचांगावरून करावे लागते.

या बदलाचा सर्वाधिक परिणाम शेतकरी वारकऱ्यांवर होतो. मृग नक्षत्र सौरमानाप्रमाणे ७–८ जूनच्या सुमारास लागते व पेरणीचा हंगाम त्यानंतर सुरू होतो. आषाढी जूनअखेरीस आल्यास पेरणी आणि प्रस्थान एकाच पंधरवड्यात येतात. अशा वर्षी घरातील एक जण पालखीसोबत निघतो, तर इतर जण पेरणी उरकून पुढच्या एखाद्या मुक्कामी येऊन मिळतात.

सलग वारी आणि टप्प्याची वारी

सलग वारी करणाऱ्यास चालण्याचे अठरा दिवस, एकादशीचा दिवस आणि परतीचा प्रवास मिळून साधारण तीन आठवडे मोकळे ठेवावे लागतात. सलग चालण्यात शरीर हळूहळू सरावते. पहिल्या तीन-चार दिवसांत पाय भरून येणे व फोड येणे हे प्रकार अधिक होतात. त्यामुळे या दिवसांत पालखीच्या पुढे धावण्याचा मोह टाळून दिंडीच्या चालीने चालणे हिताचे ठरते.

टप्प्याची वारी करणाऱ्यास हा सराव होण्याआधीच परतावे लागते; म्हणून त्याला पूर्वतयारी अधिक लागते. कोणत्या मुक्कामी यावे व कोठून परतावे याचे बंधन सामान्य वारकऱ्यावर नसते. वीणेकरी, चालक, स्वयंपाकी अशी जबाबदारी घेतलेल्यांना मात्र मधूनच निघता येत नाही. टप्पा निवडताना गावाच्या नावापेक्षा तेथे एसटीची सोय आहे किंवा नाही हे पाहणे महत्त्वाचे असते. या दृष्टीने पुढील तीन टप्पे सोयीचे पडतात:

१. पैठण ते पाटोदा – प्रस्थान सोहळा, सपाटीची चाल आणि शेवटी डोंगरभाग. छत्रपती संभाजीनगरहून पैठण सुमारे पन्नास किलोमीटरवर असून एसटीने सहज जाता येते.

२. पाटोदा ते परांडा – गावांमधील अंतर व चढउतार लक्षात घेता पूर्वी चाललेल्यांसाठी योग्य.

३. परांडा ते पंढरपूर – नवख्या वारकऱ्यासाठी सोयीचा. वाटेत प्रकृती बिघडल्यास कुर्डुवाडी हे रेल्वे जंक्शन जवळ पडते. गर्दी मात्र याच टप्प्यात सर्वांत जास्त असते.

दरवर्षी एक टप्पा घेऊन तीन वर्षांत संपूर्ण मार्ग पुरा करता येतो. नर्मदा परिक्रमेतही अखंड परिक्रमा व खंड परिक्रमा असा भेद रूढ आहे. अमेरिकेतील सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीच्या ॲपलाचियन ट्रेलवर एका दमात चालणारे आणि अनेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी चालणारे, दोघांचीही पूर्ण मार्ग चाललेले म्हणून नोंद होते. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेत किमान शंभर किलोमीटर पायी चालल्यावर प्रमाणपत्र मिळते. वारीत असे प्रमाणपत्र नसते. वारकरी संप्रदायात महत्त्व नेमाला असते, म्हणून एका वर्षी न झेपणारे अंतर अट्टहासाने चालण्यापेक्षा दरवर्षी झेपेल तेवढे चालणे अनेकांना अधिक योग्य वाटते.

दिंडी, भोजन व मुक्काम

पहिल्यांदा जाणाऱ्याने एखाद्या दिंडीत नाव नोंदवून जाणे सुरक्षित असते. दिंडीत जेवणखर्चासाठी भिशी भरावी लागते. तिच्यात दोन्ही वेळचे भोजन, तंबू आणि सामान वाहणाऱ्या ट्रकची सोय यांपैकी काय मिळते हे दिंडीचालकाकडून आधी समजून घ्यावे. टप्प्यासाठी येणाऱ्याने सामील होण्याचा दिवस व मुक्काम आधीच कळवावा, कारण शिधा आणि तंबूतील जागा यांचा हिशेब त्यावर ठरतो. मुक्कामांचे वेळापत्रक प्रत्येक वर्षी नव्याने तपासून घ्यावे. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाल्यास एका दिवसाचा फरक पडू शकतो.

दिवसाची सुरुवात पहाटे काकड्याने होते. सकाळची चाल, दुपारचे भोजन व विसावा, पुन्हा चाल, मुक्कामी आरती आणि रात्री कीर्तन असा क्रम असतो. मार्गात काही ठिकाणी रिंगण होते. त्या दिवशी चालीस विलंब होत असल्याने मुक्कामी पोहोचण्यास उशीर होतो.

सामान

मोठे सामान ट्रकमध्ये आणि रोजच्या गरजेचे पडशीत किंवा पाठपिशवीत असा विभाग करावा. जवळच्या पिशवीचे वजन चार-पाच किलोंपेक्षा अधिक नसावे. तिच्यात पाण्याची बाटली, प्लास्टिकचा कागद किंवा इरले, विजेरी, नेहमीची औषधे, ओळखपत्र आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मोबाइल भिजल्यास किंवा बंद पडल्यास ही चिठ्ठीच उपयोगी पडते. पादत्राणे नवी नसावीत, किमान महिनाभर वापरलेली असावीत.

प्रकृतीची काळजी

निघण्यापूर्वी दीड-दोन महिने रोज चालण्याचा सराव करावा आणि अखेरच्या पंधरवड्यात लागोपाठ दोन दिवस बारा ते पंधरा किलोमीटर चालून पाहावे. दुसऱ्या दिवशीची चाल जमली, तर टप्पा झेपेल असा अंदाज बांधता येतो. साठीच्या पुढील, मधुमेही व हृदयविकार असणाऱ्या वारकऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालणे टाळावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असल्यास जखम लक्षात येत नाही.

पायाला आलेला फोड फोडू नये, तो स्वच्छ व कोरडा ठेवून त्यावर पट्टी बांधावी. पाऊस लांबल्यास उन्हाचा त्रास होतो, तर पाऊस झाल्यास दूषित पाण्याने जुलाब होण्याचा धोका असतो. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून ते पाणी थोडे थोडे द्यावे. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे या लक्षणांत विश्रांतीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मार्गाचा बराच भाग वाहतुकीच्या रस्त्यावरून जातो. अंधारात एकटे चालू नये, दिंडीची ओळ सोडू नये आणि रस्त्याच्या कडेला झोपू नये.

वारी मधून थांबवणे

कोठे थांबायचे हे निघण्यापूर्वीच घरच्यांशी बोलून ठरवावे. ताप, पायाची चिघळलेली जखम किंवा दोन दिवस न थांबणारे जुलाब ही परत फिरण्याची कारणे समजावीत. परतताना दिंडीचालकास सांगून निघणे आवश्यक असते, अन्यथा सोबतचे लोक शोध घेत राहतात. राहिलेला टप्पा पुढील वर्षी त्याच गावापासून चालता येतो.

परतीचा प्रवास

पालख्या आषाढी पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत पंढरपुरात असतात. बहुसंख्य वारकरी मात्र एकादशी किंवा द्वादशीनंतर एसटीने व रेल्वेने परततात. या दोन दिवसांत बसस्थानकांवर मोठी गर्दी होते. वृद्ध सोबत असल्यास एक दिवस अधिक मुक्काम करून निघणे सोयीचे ठरते. दिंडीतील सर्वांनी भेटण्याची एक जागा पंढरपुरात शिरण्यापूर्वीच ठरवून घ्यावी, कारण चंद्रभागेच्या वाळवंटात चुकामूक होण्याचे प्रसंग अनेकदा येतात.