विश्लेषण : ओरखडा चालेल, भेग नको! जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना काय पाहावे?

माजिवड्यातल्या एखाद्या सोसायटीत जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायला आहे. जाहिरातीतल्या फोटोत कडेचा रंगाचा टवका ठळक दिसतो. पहिल्यांदाच गिटार घेणारा विद्यार्थी ती सोडून त्याच किमतीची चकाचक गिटार निवडतो. बऱ्याचदा फसगत होते ती इथेच.

रंग गेल्याने आवाज बिघडतो का?

नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांची कंपने पिकअप टिपतात. टवके किंवा पाठीवर पट्ट्याच्या बकलने पडलेले ओरखडे वाजवताना आड येत नाहीत. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर यांच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टरचा बहुतेक रंग उडाला होता. २०२४ मध्ये लिलावात तिला आठ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. फेंडरची कस्टम शॉप तर १९९५ पासून नव्या गिटार मुद्दाम झिजवून महाग विकते. म्हणून साध्या गिटारच्या टवक्याला विक्रेत्याने ‘व्हिंटेज लुक’ म्हणून भाव लावला, तर तो मानायचे कारण नाही. टवका असेल तर पैसे कमी करून घ्यावेत, एवढेच.

चीर रंगात की लाकडात?

खरा प्रश्न हा आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारवर बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा कडक थर असतो. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते. थर तितका लवचीक नसतो. त्यामुळे नेक आणि बॉडीच्या सांध्याजवळ केसासारखी रेष पडते. ती बहुतेक वेळा वरवरचीच असते. फोनचा टॉर्च तिरपा धरून रेष कुठपर्यंत जाते ते पाहावे. विक्रेत्याला विचारून नेकवर अगदी हलका दाब द्यावा. रेष उघडझाप करत असेल, तर लाकूड गेले आहे.

दोन जागा मात्र सोडू नयेत. पहिली, नटच्या मागची. गिब्सन किंवा एपिफोनच्या लेस पॉलसारख्या गिटारमध्ये हेडस्टॉक मागे झुकलेला असतो आणि ट्रस रॉडसाठी कोरल्याने तिथले लाकूड कमी झालेले असते. गिटार पडली की मोडते ती तिथेच. चिकटवून वर रंग मारला असेल, तर छटा वेगळी दिसते. नोटा तपासण्याच्या अतिनील टॉर्चखाली अनेकदा ठिगळ उघडे पडते. नीट चिकटवलेली गिटार वर्षानुवर्षे वाजते, पण पुढे विकताना भाव मिळत नाही. दुसरी जागा, हलणाऱ्या ब्रिजच्या दोन खुंट्या. त्या पुढे कलल्या असतील किंवा तिथून पिकअपकडे भेग गेली असेल, तर सूर टिकणार नाही.

चकाचक गिटारचे काय?

ठाण्याच्या खाडीकाठच्या हवेत दोन पावसाळे बॅगेत काढलेल्या गिटारचा रंग तुकतुकीत राहतो. गंजतात ते ब्रिजचे स्क्रू. व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर फवाऱ्याने बहुतेकदा जाते. झिजलेल्या फ्रेट बदलण्याचा खर्च मात्र स्वस्त गिटारला परवडत नाही.

म्हणून जाण्याआधी हेडस्टॉकच्या मागचा, नेकच्या सांध्याचा आणि ब्रिजचा जवळून काढलेला फोटो मागवावा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर निदान माजिवडा नाक्यावरची कोंडी तरी वाचते.