सिकलसेल: विळा कुणाच्या रक्तात?

आठ-नऊ महिन्यांचं बाळ. हातापायांची बोटं एकाएकी सुजतात, बाळ अंगाला हात लावू देत नाही, रात्रभर रडतं. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं हात मुरगळला. चार-पाच वर्षांचं झालं की त्याचे डोळे पिवळसर दिसू लागतात आणि घरचे त्याला काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेतात. आणखी मोठं झालं की हाडं ठणकतात, मग वाताच्या गोळ्या. नंदुरबार किंवा गडचिरोलीत या तिन्हींमागे एकच कारण असू शकतं, आणि पहिली शंका यायला बोटातून काढलेलं थेंबभर रक्त पुरतं. चाचणी सोपी आहे. समज मात्र चिवट आहेत.

सगळ्यात चिवट समज म्हणजे सिकलसेल हा ‘आदिवासींचा आजार’. १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये हा दोष सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि शिक्का बसला. पण त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरहून आलेला शोधनिबंध प्रामुख्याने महार समाजातल्या वाहकांबद्दल होता. विदर्भात तो तेली, कुणबी अशा समाजांतही आढळतो. देशाबाहेर पश्चिम आफ्रिका, सिसिली, ग्रीस, सौदी अरेबियाचा पूर्व भाग. या सगळ्यांना जोडणारा धागा जातीचा नाही, मलेरियाचा आहे. हा दोष एकाच पालकाकडून आला, म्हणजे माणूस केवळ वाहक असला, तर जीवघेण्या मलेरियापासून बरंचसं संरक्षण मिळतं, हे १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या डास आणि ताप होता, तिथे तो टिकला.

उलट बाजूनेही शिक्का खोटाच ठरतो. महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींच्या पाहण्यांत वाहकांचं प्रमाण कुठे जवळजवळ शून्य, तर कुठे शेकडा ३५ पर्यंत मिळालं आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांच्यात ते जास्त. सगळ्या जमातींना एकाच पोत्यात भरलं की आकडे हमखास चुकतात.

मलेरियावरून आणखी एक घोटाळा होतो. ‘सिकलसेल असलेल्याला मलेरिया होत नाही,’ असं शिकलेली माणसंही सांगतात. संरक्षण वाहकाला, तेही अर्धवट. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याच्यासाठी मलेरिया फारच धोक्याचा.

सिकल म्हणजे विळा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, फरक एवढाच. पण प्राणवायू सोडला की अशी हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात आणि गोल, मऊ पेशी वाकडी, ताठ होते. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकल्या की पुढचा भाग प्राणवायूवाचून तडफडतो. ती कळ बाहेरून दिसत नाही. ना जखम, ना प्लास्टर. म्हणून दवाखान्यात ‘नाटक करतोय’ हे ऐकावं लागतं. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, अतिकष्ट यांनी ती उसळते.

साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २०. डोळे पिवळे होतात ते या फुटलेल्या पेशींमुळे. ‘रक्त कमी, म्हणजे लोहाच्या गोळ्या’ हा हिशेब इथे सरसकट चालत नाही, कारण फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं, आणि वरचेवर रक्त चढवलेल्यांत तर ते साचतं. तपासणीत कमतरता दिसली तरच लोह द्यायचं. फॉलिक आम्ल मात्र नेमाने.

आता लग्न. ‘ते नात्यात लग्नं करतात, म्हणून होतं,’ असं शहरात सहज बोललं जातं. बोलणाऱ्याच्या घरात मामाची मुलगी केलेली असते, ते सोडा. गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट आहेत. एका गटातले लोक भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मामे-आत्येभावंडांचं लग्न मात्र चालतं. जवळच्या नात्यामुळे जोखीम वाढते, हे खरंच. पण जिथे पाचातला एक जण वाहक आहे, तिथे नात्यागोत्याचा संबंध नसलेली दोन माणसंही वाहक निघू शकतात. कुंडली जुळवण्याआधी दोघांचं रक्त तपासणं उपयोगाचं आहे ते यासाठी.

दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली’ असा अर्थ काही घरांत लावला जातो. नाणं आधी काय पडलं ते लक्षात ठेवत नाही. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर मूल फार तर वाहक होईल.

‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो’ हा समज मात्र डॉक्टरांचा आहे. ओडिशातल्या जुन्या अभ्यासांत रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त आढळलं होतं, आणि ते पेशींना वाकू देत नाही. नागपूरच्या मुलांमध्ये मात्र तीव्र आजारही भरपूर दिसला. हेच हिमोग्लोबिन वाढवणारी हायड्रॉक्सीयुरिया काही कॅन्सरमध्येही वापरतात; ते कळलं की घरचे घाबरून गोळी बंद करतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासत ती वर्षानुवर्षं घेता येते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट आहे. मला ‘निर्मूलन’ हा शब्द खटकतो. देवीचा रोग गेला तसा हा जाणार नाही, कारण इथे मारायला जंतूच नाही. तपासणीच्या कागदावर ‘वाहक’ एवढाच शब्द असतो, आणि घरोघरी तो ‘रोगी’ असा वाचला जातो. मुलीचा असेल तर जरा जास्तच मोठ्याने.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल आजार आहे, त्यामुळे रुग्णाला दिव्यांगत्वाचा दाखला मागता येतो. वाहकाला तो मागता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो आजारीच नाही.