विद्युत मोटारीचे घरगुती चार्जिंग : खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

वाहनकर्जाच्या अर्जासोबत ग्राहक मोटारीचे दरपत्रक, उत्पन्नाचा दाखला व आयकर विवरणपत्रे घेऊन येतात. विद्युत मोटार घ्यावयाची असल्यास आणखी एक कागद आधी नीट वाचणे हिताचे ठरते. तो कागद म्हणजे राहत्या घराचे वीजबिल. त्यावर छापलेला ‘मंजूर भार’ हा आकडा बहुतेकांनी कधीच पाहिलेला नसतो. परंतु नवी मोटार घरी सुखाने चार्ज होईल किंवा नाही, याचे निम्मे उत्तर त्यातच असते.

२००१ साली बंगळूरची ‘रेवा’ बाजारात आली, तेव्हा हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. तिच्या बॅटऱ्यांत सुमारे १० युनिट वीज मावत असे व घरातील १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभरात तिचे काम भागे. आता चित्र बदलले आहे. २०२२ मध्ये कियाची ‘ईव्ही ६’ आयात होऊन आली आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन उघडले. अशा आयात मोटारींच्या बॅटरीची क्षमता साधारणतः ६० ते ८० युनिट असते. मोटार मुंबईतून घ्या वा दिल्लीतून, ती उभी राहणार आपल्याच दारी. वाराणसीत बदलीवर आलेले कर्मचारी आणि येथील जुनी मराठी कुटुंबे यांच्या दृष्टीने काही नेहमीच्या प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

मोठा चार्जर घ्यावाच लागतो काय?

बहुधा नाही. चार्जरची निवड बॅटरीच्या आकारावरून न करता रोजच्या प्रवासावरून करावी. महमूरगंज किंवा सिगरा येथून बाबतपूर विमानतळावर जाऊन परत येणे म्हणजे सुमारे ५० किलोमीटर. मोठी विद्युत मोटार एका युनिटमध्ये साधारण साडेपाच किलोमीटर धावते असे मानले, तर या फेरीस ९ युनिट लागतात. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर साडेदहा ते अकरा युनिट नोंदले जातील. दर प्रतियुनिट ७ रुपये धरल्यास हा खर्च पाऊणशे रुपयांच्या आसपास होतो.

साध्या १६ अँपिअरच्या प्लगवरून १० अँपिअर प्रवाह घेतल्यास सुमारे २.३ किलोवॅट शक्ती मिळते. म्हणजे वरील फेरीची भरपाई पाच तासांत होते आणि आठ तासांत ८० ते ९० किलोमीटरची सोय होते. शहरात वापर करणाऱ्यास एवढे पुरेसे आहे. वारंवार प्रयागराज किंवा लखनौकडे जाणाऱ्यांनी मात्र ७.४ किलोवॅटच्या भिंतीवरील चार्जरचा विचार करावा.

घराचा मंजूर भार किती असावा?

समजा, मंजूर भार ४ किलोवॅट आहे. दीड टनी वातानुकूलन यंत्र दीड किलोवॅटच्या वर जाते, पाण्याचा पंप पाऊण किलोवॅट घेतो. त्यावर २.३ किलोवॅटचे चार्जिंग लावले, की मर्यादा ओलांडली गेलीच. काशीच्या उन्हाळ्यात रात्रीही वातानुकूलन बंद नसते, हे ध्यानी घ्यावे. अधिक भार वापरल्याची नोंद आधुनिक मीटर आपोआप ठेवतो व त्याचा आकार बिलात लागतो.

भार वाढविण्यासाठी पूर्वांचल विद्युत वितरण निगमाकडे अर्ज करावा. ७.४ किलोवॅटच्या चार्जरसाठी त्रिकला जोडणीची तयारी ठेवावी. भारासोबत स्थिर आकारही वाढतो. प्रतिकिलोवॅट दरमहा ११० रुपये धरले, तर ४ वरून ११ किलोवॅटवर जाताना दरमहा ७७० रुपये अधिक द्यावे लागतील, मग मोटार चालो वा न चालो. मासिक हप्त्याचा हिशेब करताना ही रक्कमही धरावी.

स्वतंत्र परवाना अथवा मीटर लागतो काय?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मालकास आपल्या घरच्या वा कार्यालयाच्या विद्यमान जोडणीवर मोटार चार्ज करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्कही मिळाला. त्याच दुरुस्तीने जोडणी देण्याची किंवा तीत बदल करण्याची मुदत महानगरांत ३, अन्य नगरपालिका क्षेत्रांत ७ व ग्रामीण भागात १५ दिवस केली. मात्र शेजाऱ्याची ई-रिक्षा पैसे घेऊन घरगुती मीटरवर चार्ज करून देणे हा व्यावसायिक वापर होय. त्यापासून दूर राहावे.

आयात मोटारीचा प्लग येथे चालतो काय?

भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या आयात मोटारींना सामान्यतः युरोपीय पद्धतीचा टाइप-२ जोड असतो. त्यास अडचण नाही. परदेशातील वास्तव्य संपवून आणलेल्या मोटारीची गोष्ट वेगळी. ब्रिटनमधील मोटारीसोबतची केबल २३० व्होल्टवरच चालते; परंतु तिचा चौकोनी पिनांचा १३ अँपिअर प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. बाजारातील स्वस्त अ‍ॅडॉप्टर लावून तासन्‌तास १० अँपिअर प्रवाह घेणे म्हणजे आगीस निमंत्रण. जपानमध्ये घरगुती दाब १०० व्होल्ट असून तेथील मोटारींचे जोडही निराळे असतात. अशा मोटारीसाठी येथील मानकाची केबल मिळते किंवा नाही, हे ती आणण्यापूर्वीच उत्पादकाकडून लेखी घ्यावे.

जुन्या वायरिंगचे काय?

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह १० वरून ३० अँपिअर झाला, तर उष्णता नऊपट होते. इस्त्री दहा मिनिटे चालते, मोटार मात्र रात्रभर. म्हणून इस्त्रीला चाललेला सॉकेट मोटारीला चालेलच असे नाही. मीटरपासून थेट स्वतंत्र तार घ्यावी. १६ अँपिअरसाठी ४ आणि ३२ अँपिअरसाठी किमान ६ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार साधारणतः वापरतात. अंतर लांब असल्यास त्याहून जाड. सोबत स्वतंत्र एमसीबी व ३० मिलिअँपिअरचा, चार्जर उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचा आरसीसीबी हवा. ही तार घरातील इन्व्हर्टरच्या मंडलावर कदापि घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे अर्थिंग. अनेक जुन्या घरांत ते नाममात्र असते. चांगला चार्जर अर्थिंग तपासतो व ते नसल्यास चालू होण्यास नकार देतो. अशा वेळी काही कारागीर न्यूट्रल व अर्थ जोडून चार्जर ‘चालू करून’ देतात. न्यूट्रल तुटल्यास मोटारीच्या सबंध धातूच्या अंगात वीज उतरू शकते. हा खेळ जिवावर बेतणारा आहे. परवानाधारक ठेकेदाराकडून नवे अर्थिंग करून त्याचे मापन लेखी घ्यावे.

मोटार घरापर्यंत येतच नसेल तर?

ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरातील मराठी घरे गल्ल्यांत आहेत. मोटार दूर रस्त्यावर राहते. गल्लीतून विस्तार-तार ओढणे सर्वस्वी वर्ज्य. जेथे भाड्याने जागा घ्याल तेथे चार्जिंगची लेखी परवानगी मिळत असेल, तरच विद्युत मोटारीचा विचार करावा.

अस्सी, नगवा, सामनेघाट व वरुणाकाठच्या वस्त्यांना पुराचाही विचार करावा लागतो. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते आणि ऑगस्ट २०२५ मध्येही धोक्याची पातळी ओलांडली गेली. पूर्वी पाणी जेथवर आले होते त्याहून उंच जागी चार्जर बसवावा व पाणी चढू लागताच त्याचा पुरवठा मुख्य स्विचपासून बंद करावा.

कर्ज घेताना

विद्युत मोटारीच्या कर्जावरील व्याजासाठी कलम ८०-ईईबी खाली मिळणारी दीड लाख रुपयांपर्यंतची वजावट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. नव्या कर्जदारांनी ती हिशेबात धरू नये. चार्जर व वायरिंगचा खर्च कर्जात समाविष्ट होतो का, तसेच विम्यात चार्जरचे संरक्षण मिळते का, हे शाखेत व विमा कंपनीकडे आधीच विचारावे.

क्रम असा ठेवावा : प्रथम घराची तपासणी, मग भारवाढीचा अर्ज, त्यानंतर मोटारीची नोंदणी व शेवटी कर्जाची उचल. हा क्रम उलटला, तर मोटार दारात उभी राहते आणि हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. ठेकेदाराची तपासणी एका दिवसात उरकते. कर्ज पुढे अनेक वर्षे फेडावयाचे असते.